वीज राहिली, कागद गेले

शेअर बाजारात काही शेअरांना एक जुनं टोपणनाव आहे: ‘विधवा-अनाथांचे शेअर’. हे नाव आपल्याकडचं नाही, इंग्लंड-अमेरिकेकडचं. घरातला कर्ता माणूस गेला, मागे बायको आणि लेकरं राहिली, तर त्यांचा पैसा कुठे ठेवावा? जिथे भाव फार उड्या मारत नाही आणि ठरल्या वेळी लाभांश हातात पडतो तिथे. म्हणजेच वीज, गॅस, पाणी पुरवणाऱ्या कंपन्यांत. माणूस एखाद्या वर्षी सणाला नवं लुगडं घेणार नाही, पण तिन्हीसांजेला दिवा लावल्याशिवाय राहणार नाही, असा त्यामागचा साधा हिशोब.

हे नाव वाचलं की मला जरा टोचतं. बाईला हिशोब कळत नाही, म्हणून तिला असं काहीतरी द्यावं जे तिने उघडूनही बघायला नको, असा त्यात एक सूर आहे. आणि गंमत अशी की इतिहास बघितला तर न बघता ठेवलेल्या याच शेअरांनी हजारो बायकांना रस्त्यावर आणलं.

हा विषय डोक्यात घोळू लागला तो आमच्या मंडळातल्या एका वहिनींमुळे. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, “आई, तुझ्या ठेवीतले थोडे पैसे इकडच्या एखाद्या वीज कंपनीत घालूया.” २००४ पासून रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसाला परदेशात पैसे पाठवायची मुभा दिली आहे. आता वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि त्यातून परदेशी शेअरही घेता येतात. वहिनींनी मला विचारलं, “घ्यायचं कळलं गं, पण विकायचं कधी?” मी शेअरची सल्लागार नाही. कला शाखेची पदवी घेतलेली, इतिहास वाचणारी गृहिणी आहे. म्हणून उत्तरही इतिहासातच शोधलं, आणि ते शिकागो शहरात सापडलं.

सॅम्युअल इन्सुल हा लंडनमध्ये १८५९ साली जन्मलेला साध्या घरातला मुलगा. १८८१ मध्ये तो थॉमस एडिसनचा चिटणीस म्हणून अमेरिकेत आला. विजेचा दिवा एडिसनने लोकांना दिला, पण ती वीज धंदा म्हणून कशी चालवायची हे ज्यांनी शिकवलं त्यांत इन्सुलचं नाव वर लागतं. १८९२ मध्ये मोठ्या पगाराची जागा सोडून तो शिकागोतल्या एका लहान वीज कंपनीचा प्रमुख झाला.

त्याने काय ओळखलं ते आपल्याला पिठाच्या गिरणीवरून पटकन कळेल. समजा गिरणीवाल्याने कर्ज काढून मोठी चक्की बसवली. बायका दळण आणतात संध्याकाळी दोन तास. बाकी बावीस तास चक्की गप्प, पण कर्जाचं व्याज काही गप्प बसत नाही, ते चोवीस तास चालू असतं. विजेचं तसंच होतं. लोक फक्त रात्री दिवे लावत. इन्सुलने ठरवलं की यंत्र दिवसभर फिरतं ठेवायचं: सकाळ-संध्याकाळ ट्रामगाड्यांना वीज, दुपारी कारखान्यांना, उन्हाळ्यात बर्फाच्या कारखान्यांना, रात्री घरांना. यंत्र जितकं जास्त वेळ फिरेल तितका युनिटमागचा खर्च कमी. त्याने दर उतरवले, आणि गिऱ्हाईक वाढलं. १९०७ मध्ये कॉमनवेल्थ एडिसन ही मोठी कंपनी उभी राहिली. इथपर्यंत सगळं खणखणीत आहे. वीज खरी, गिऱ्हाईक खरं, पैसाही खरा.

पहिल्या महायुद्धात इलिनॉय राज्याच्या संरक्षण मंडळाचं प्रमुखपद त्याच्याकडे होतं. त्या काळात अमेरिकेत युद्धकर्जाचे रोखे साध्यासुध्या माणसांनाही विकले गेले. ज्यांनी आयुष्यात कधी रोखा पाहिला नव्हता, त्यांनीही ते घेतले. इन्सुलने यातून धडा घेतला. युद्ध संपल्यावर त्याच्या कंपन्यांचे कर्मचारीच गिऱ्हाइकांना शेअर विकू लागले, तेही हप्त्याने. ज्या कंपनीची वीज घरात जळते, तिचे आपण मालक! कुणालाही भुरळ पडेल अशीच गोष्ट होती. शिक्षिका, कारकून, पेन्शनीत निघालेली माणसं, विधवा बायका, सगळ्यांनी शेअर घेतले.

आता पुढचा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण घोटाळा इथे आहे.

आपल्या जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असायची. खाली मोठा रांजण, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. इन्सुलने कंपन्यांची अशी उतरंड रचली. सगळ्यात खाली खरी वीज बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्या. त्यांवर १९१२ मध्ये स्थापन झालेली मिडल वेस्ट युटिलिटीज, जिच्याकडे गावोगावच्या लहान वीज कंपन्यांचे शेअर होते. १९२८ च्या डिसेंबरात इन्सुल युटिलिटी इन्व्हेस्टमेंट्स आली, आणि १९२९ मध्ये आणखी एक. या वरच्या मडक्यांत वीज नव्हती, खालच्या मडक्यांचे शेअर होते. ते शेअर घ्यायला पैसा कुठून आणला? लोकांना आपले शेअर आणि रोखे विकून, आणि पुढे बँकांकडून कर्ज काढून. खालच्या रांजणात दाणे असतात, वरच्या मडक्यांत फक्त रांजणाच्या भरवशावर लिहिलेल्या चिठ्ठ्या. रांजण थोडा हलला तरी आधी पडतं ते वरचं मडकं.

१९२९ च्या जानेवारीत इन्सुल युटिलिटी इन्व्हेस्टमेंट्सचा शेअर बाजारात आला तेव्हा भाव होता ३० डॉलरच्या आसपास. ऑगस्टपर्यंत तो दीडशेच्या घरात गेला. सात महिन्यांत पाचपट! आता मला सांगा, त्या सात महिन्यांत शिकागोकरांनी पाचपट दिवे लावले होते का? बाजाराने वाढवलेली ही किंमत विजेची नव्हती, चिठ्ठीची होती. ज्या बाईने तेव्हा हा एवढा प्रश्न स्वतःला विचारला असेल, तिला विकायची वेळ कळली असेल. पण शेजारीण श्रीमंत होत असताना असा प्रश्न विचारणं किती कठीण असतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरी खूण लाभांशात होती. मिडल वेस्ट लाभांश रोख देण्याऐवजी शेअरच्या रूपात देऊ लागली. म्हणजे पैसे नाहीत, त्याऐवजी आणखी थोडे शेअर घ्या. लोक खूश झाले, हातातले कागद वाढले म्हणून. पण पुरणपोळीचे चार तुकडे करा नाहीतर आठ, पोळी तेवढीच राहते. तुकडे वाढले म्हणून पोट जास्त भरत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट वरच्या मडक्यात चालली होती. खालच्या कंपनीकडून लाभांश म्हणून आलेले हे शेअर वरची कंपनी त्या दिवशीच्या बाजारभावाने मोजून ‘उत्पन्न’ म्हणून वहीत लिहीत होती. आपल्यापैकी कितीतरी जणी व्यापाऱ्यांच्या घरात वाढल्या आणि व्यापाऱ्यांच्याच घरात नांदल्या. गुदामात पडलेल्या मालाची आजच्या भावाने किंमत काढायची आणि ती विक्रीची जमा म्हणून लिहायची, असं घरातल्या कुणी केलं असतं तर सासऱ्यांनी वहीच मिटवून ठेवली असती. माल विकला, पैसा गल्ल्यात आला, मग जमा. शिकागोत मोठमोठ्या हिशेबनीसांच्या देखत हे उलटं चाललं होतं, आणि भाव चढते होते तोवर कुणाला ते खुपलं नाही.

इन्सुलला त्या काळी एकच चिंता होती. सायरस ईटन नावाचा क्लीव्हलंडचा धनिक त्याच्या कंपन्यांचे शेअर गुपचूप गोळा करत होता. कंपन्या हातातून जातील या धास्तीने इन्सुलने १९३० च्या जूनमध्ये ईटनचा सगळा साठा विकत घेतला. बाजारभावापेक्षा जास्त देऊन, सुमारे ५ कोटी ६० लाख डॉलरना. आणि बाजार तर १९२९ च्या ऑक्टोबरातच कोसळलेला होता. हातात तेवढा पैसा नव्हता, म्हणून कर्ज काढलं, आणि त्यासाठी तारण ठेवले आपल्याच कंपन्यांचे शेअर.

पुढचं कुठल्याही सावकारीच्या गोष्टीत घडतं तेच. भाव उतरला की तारण कमी पडतं. बँक म्हणते, आणखी ठेवा. १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णमान सोडलं आणि बाजार पुन्हा घसरला. त्या वर्षाच्या अखेरीस उतरंडीच्या वरच्या कंपन्यांची जवळजवळ सगळी चीजवस्तू बँकांच्या तिजोऱ्यांत तारण पडली होती. १९३२ च्या एप्रिलमध्ये मिडल वेस्ट आणि वरच्या दोन्ही कंपन्या न्यायालयाने नेमलेल्या ताबेदारांच्या हाती गेल्या. लाखो लोकांच्या हातातले कागद रद्दीच्या मोलाचे झाले. इन्सुलची स्वतःची संपत्तीही गेली, कारण त्यानेही विकले नव्हते.

आता माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. त्या एप्रिलमध्ये शिकागोतले दिवे विझले नाहीत. एक रात्रसुद्धा नाही. सगळ्यात खालची कॉमनवेल्थ एडिसन उभीच राहिली. तिच्या शेअरचा भाव खूप पडला, पण तिने लाभांश देणं थांबवलं नाही. बायकांनी घेतलेल्या दोन्ही कागदांवर इन्सुलचंच नाव होतं. एकाच्या मागे वीज होती, दुसऱ्याच्या मागे दुसरा कागद. १९३२ मध्ये घाबरून पहिला विकणारीनेही नुकसान केलं, आणि भरवशाने दुसरा ठेवणारीनेही. कधी विकायचं याचं उत्तर ‘भाव पडला की’ असंही नाही आणि ‘कधीच नाही’ असंही नाही. आपल्या कागदाच्या मागे काय आहे, यावर ते ठरतं.

इन्सुल ग्रीसला पळाला, १९३४ मध्ये त्याला परत आणून खटला भरला, आणि ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं. १९३८ मध्ये पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनात त्याचा मृत्यू झाला. अमेरिकेने १९३५ मध्ये कायदा करून वीज कंपन्यांच्या या उतरंडी मोडल्या. तो कायदा सत्तर वर्षं टिकला आणि २००५ मध्ये रद्द झाला. म्हणजे आज कुठल्या मडक्याचा शेअर घेतोय हे तपासायचं काम पुन्हा बरंचसं आपल्याच अंगावर आलं आहे.

आता ‘परदेशी’ या शब्दाकडे वळू. आपल्याला अमेरिकेतली वीज परदेशी वाटते, पण एकेकाळी आपली वीज त्यांना परदेशी होती. सह्याद्रीतल्या खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथे टाटांनी धरणाच्या पाण्यावर वीज काढली. १९२९ मध्ये या कंपन्यांच्या व्यवस्थापनात अमेरिकन अँड फॉरेन पॉवर ही न्यूयॉर्कची कंपनी भागीदार झाली. ही इन्सुलची नव्हती, पण होती उतरंडीतलीच. तिचा शेअर घेणाऱ्या एखाद्या अमेरिकन बाईचा पैसा, तिला ठाऊक नसताना, आपल्या मावळच्या पावसावर अवलंबून होता!

या कंपनीचा मोठा पसारा दक्षिण अमेरिकेत आणि क्यूबात होता. मंदी आली तेव्हा तिच्या शेअरची माती झाली. त्याचं एक कारण विजेत नव्हतंच, चलनात होतं. तिथले लोक बिल भरायचे आपापल्या पैशात, आणि कंपनीला आपली देणी व लाभांश द्यायचे होते डॉलरमध्ये. तिथली चलनं घसरली तशी तिची कमाई वाटेतच आटली. गिऱ्हाईक प्रामाणिकपणे बिल भरत होतं, तरी न्यूयॉर्कला पैसे पोचत नव्हते.

आपल्या बाबतीत हे चाक बहुतेक वेळा उलटं फिरलं आहे. १९६६ च्या जूनमध्ये एका रात्रीत डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० वर गेला. त्यानंतरही रुपया बहुतेक काळ उतरतच आला आहे, त्यामुळे डॉलरमधल्या कमाईचे रुपये वाढतात. पण म्हणून चलनावरच भिस्त ठेवून शेअर घ्यायचा नाही. शिवाय अमेरिकेत राहत नसलेल्या आपल्यासारख्यांच्या लाभांशातून तिथेच २५ टक्के कर कापला जातो. इथे विवरणपत्र भरताना त्याची वजावट मागता येते, पण ती मागावी लागते.

काही धोके मात्र वहीत दिसतच नाहीत. त्यासाठी जपानचं उदाहरण पुरे. टोकियो इलेक्ट्रिक पॉवर ही अगदी ‘विधवा-अनाथांच्या’ जातीची कंपनी. २०११ च्या ११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी आली, फुकुशिमाची अणुभट्टी बिघडली. त्याआधी २,१०० येनच्या आसपास असलेला शेअर तीन महिन्यांत २०० येनच्याही खाली आला. वर्षाला ६० येन लाभांश येत होता, तो शून्य झाला. २०१२ मध्ये सरकारने एक लाख कोटी येन घालून कंपनी ताब्यात घेतली. त्सुनामीचा दिवस कुणालाच सांगता आला नसता, हे खरं. पण २००२ मध्येच या कंपनीने अणुभट्ट्यांच्या तपासणीच्या नोंदी खोट्या लिहिल्याचं उघड झालं होतं, आणि अध्यक्षांपासून वरिष्ठांना पायउतार व्हावं लागलं होतं. ती बातमी वर्तमानपत्रात छापून आली होती. लाभांश चालूच राहिला, म्हणून बहुतेकांनी ती वाचून बाजूला ठेवली. तपासणीच्या नोंदी खोट्या लिहिणाऱ्या घरात आपण मुलगी देऊ का? मग पैसा का ठेवावा?

घ्यायचं कधी, याबद्दलही इतिहास एक गोष्ट सांगतो. वीज कंपनीचा शेअर आणि बँकेतली ठेव या जावा-जावा आहेत. एकीचं कौतुक वाढलं की दुसरीचं कमी होतं. ठेवीवर चांगलं व्याज मिळू लागलं की लोक म्हणतात, शेअरची जोखीम कशाला? २०२२ च्या मार्चपासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर भराभर चढवले, जवळजवळ शून्यावरून २०२३ च्या जुलैपर्यंत सव्वापाच टक्क्यांवर नेले. २०२३ मध्ये बाकी बाजार वर जात असताना तिथल्या वीज कंपन्यांचे शेअर उतरले. वीज कमी विकली जात होती म्हणून नव्हे, जावेचं कौतुक वाढलं म्हणून. ज्या कंपनीचा धंदा शाबूत आहे, कर्ज आवाक्यात आहे आणि लाभांश रोख आहे, तिचा भाव फक्त या कारणाने उतरला असेल तर ती घ्यायची वेळ. शेअर दीडशेवर पोचल्यावर नव्हे.

इन्सुलबद्दल वाचताना मला आपल्या अणुव्रतांतल्या परिग्रह-परिमाणाची आठवण झाली. त्यात एक शहाणपण आहे जे बाजाराच्या पुस्तकांतही क्वचितच इतकं स्वच्छ सांगितलेलं असतं. मर्यादा आधी ठरवायची, वस्तू हातात येण्याआधी. हातात आल्यावर मन मर्यादा ठरवत नाही, सबबी शोधतं. इन्सुलला पैशाची हाव होती असं म्हणता येणार नाही. त्याला सोडवेना ते ‘माझी कंपनी’ हे दोन शब्द. त्यापायी त्याने पडत्या बाजारात कर्ज काढून चढ्या भावाने खरेदी केली, आणि तेव्हाच त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या लाखो घरांचा निकाल लागला.

म्हणून मी मंडळात जे सांगितलं ते इथेही लिहिते. विकायचं कधी हे विकायच्या दिवशी ठरवू नये, घ्यायच्या दिवशी ठरवावं. घरखर्चाच्या वहीचं शेवटचं पान काढा आणि चार ओळी लिहा. पहिली: ही कंपनी स्वतः वीज बनवते-विकते, की दुसऱ्यांचे कागद सांभाळते? दुसरी: गेल्या वर्षी हातात रोख लाभांश किती आला, आणि तो कमाईतून आला की कर्जातून? तिसरी: कंपनीच्या डोक्यावर कर्ज किती, आणि ते वाढतंय का? चौथी: यातलं काय बदललं तर मी विकेन? मग खाली तारीख घाला.

दर वर्षी दिवाळीत वह्या उघडायच्या वेळी ते पान काढून वाचा. तारखेखाली नवी तारीख लिहा आणि चारही उत्तरं पुन्हा भरा. मुलाला फोन करायचा तो त्यानंतर.